केतकीच्या खोऱ्याच्या तीन खुणा

एका राज्यात भानुदेव नावाचा चितारी होता. त्याने आंब्याचा मोहर रंगवला की त्यावर खऱ्या मधमाश्या येऊन बसत. त्या राज्याची राणी हंसावती केतकीच्या खोऱ्यातून लग्न होऊन आलेली. संध्याकाळ झाली की तिचे मन माहेरी जाई. राजा विराटसेनाने भानुदेवाला आज्ञा केली, "राणीच्या महालात तिचं खोरं रंगव. तंतोतंत."

रंग मंतरून दिले धूम्रकेश जादूगाराने. त्याला स्वतःचे गाव नव्हते, म्हणून दुसऱ्याला असलेली गावाची ओढ त्याला सोसत नसे. भानुदेवाने नदी रंगवली, डोंगर रंगवला. शेवटी ओट्यावर उभे राहून लेकीला हाक मारणारे राणीचे वडील रंगवले, आणि त्याच क्षणी खरे खोरे माणसांसकट भिंतीत गेले. बाहेर उरले पांढरे धुके.

राणी रोज भिंतीवरच्या वडिलांच्या पायांना हात लावी. पाय थंडगार लागत.

भानुदेवाला अन्न गोड लागेना. एके दिवशी त्याच्या पायाशी एक टिटवी येऊन उभी राहिली. चारा शोधायला खोऱ्याबाहेर गेली म्हणून ती तेवढी वाचली होती. ती म्हणाली, "माझी अंडी तुझ्या चित्रात आहेत, चिताऱ्या. सुंदर काढलीस हो. आता उबवायची कुणी?"

दोघे धूम्रकेशाकडे गेली.

"चित्र पुसू का?" भानुदेवाने विचारले.

"पूस. खोरंही पुसलं जाईल."

"मग उपाय?"

"समोरच्या कोऱ्या भिंतीवर तीन गोष्टी काढ. नदी, डोंगर आणि बापाची हाक. त्या कशासारख्याही दिसता कामा नयेत, तरी राणीने ओळखल्या पाहिजेत. दर चुकीला तुझं एक बोट दगडाचं होईल."

भानुदेवाने नदी काढायला घेतली. पण जन्माची सवय! रेघेला काठ आला, काठावर लव्हाळा आला. त्याची करंगळी दगडाची झाली.

राणीला दया आली. तिने महालाचे दार लोटून मागची भिंत दाखवली. तिथे हळदीच्या बोटांचे तीन फराटे होते आणि एक ठिपका.

"हे काय, राणीसाहेब?"

"आमच्याकडे नवी नवरी सासरच्या दारामागे माहेरची खूण काढते. जिची तिने रचायची, कशासारखीही दिसू द्यायची नाही. घरासारखं घर काढलंस तर त्याच घरी पळून येशील, असं म्हणून बायका चिडवायच्या."

"मग ही कशाची खूण?"

"करपलेल्या भाकरीच्या वासाची. आई माझ्याशी बोलत बसली की भाकरी करपायची."

भानुदेव कितीतरी वेळ त्या फराट्यांपाशी बसून राहिला. मग त्याने टिटवीला विचारले, "नदी कशी होती?"

"ओली."

"थट्टा नको, बाई."

"पाय टाकला की आधी झोंबायची. मग तिथून निघवत नसे."

त्याने निळ्या रंगाचे टोकदार ओरखडे काढले आणि त्यांच्यापुढे एक पसरट, मऊ डाग. राणी समोर आली. तिने नकळत निऱ्या वर धरल्या. "नदी!" ती म्हणाली. चित्रातली नदी विरली आणि दूर धुक्यात पाणी वाजू लागले.

मग त्याने तांबडी काव लावून जाड पट्टे काढले, वर जाताना विरळ होत गेलेले. राणीला धाप लागली. "इथे आम्ही बसायचो. पुढे चढ आहे." डोंगर सुटला.

राहिली हाक. राणीचे डोळे भरले. "भानुदेव, बाबांचा चेहरा रोज पाहते. आवाज मात्र आठवेनासा झालाय."

टिटवी म्हणाली, "मला आठवतो. रोज दिवेलागणीला तो हाक मारायचा आणि मीसुद्धा अंड्यांकडे परतायचे." तिने आपल्या चिरक्या गळ्याने हाक काढून दाखवली. भानुदेवाने डोळे मिटून ऐकली, आणि डोळे न उघडताच एक आखूड फटकारा मारला. मग एक लांब पट्टा ओढला, भिंत संपेपर्यंत, आणि टोकाशी हलकेच मागे वळवला.

राणी पाहत राहिली. तिचे ओठ हलले. एकाएकी ती ओरडली, "आले हो, बाबा!"

चित्राची भिंत कोरी झाली. भानुदेवाची करंगळी ऊबदार झाली. टिटवी उडत आपल्या अंड्यांकडे गेली. राणी धावत खोऱ्यात गेली, तर वडील ओट्यावरच उभे.

"अगं, किती हाका मारायच्या? घसा बसला माझा," ते म्हणाले. आतून भाकरी करपल्याचा वास येत होता.

धूम्रकेश त्या खुणांसमोर जाऊन उभा राहिला. त्याला काहीच ओळखता आले नाही. मान खाली घालून तो राज्य सोडून गेला.

हंसावतीला जशी माहेरची हाक पुन्हा ऐकू आली, तशी तुम्हाआम्हालाही येवो.