केरबाची जागा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की सावरदऱ्याला तेव्हा वेसही नव्हती आणि वाण्याचं दुकानही. पण केरबा बुरूड होता आणि त्याची सुपं होती. सासूनं घेतलेलं सूप नातसुनेच्या हाती जायचं, असं म्हणतात. गिऱ्हाईक चिडवायचं, "केरबा, तुझा माल मोडतच नाही, मग तू खाणार काय?" केरबा हसून म्हणायचा, "गिऱ्हाईक परत नाही आलं तरी चालंल, माल परत येता कामा नये."

सगळी करामत काठात होती. सुपाचा काठ तो कच्च्या चामड्याच्या ओल्या वादीनं बांधायचा. वादी वाळली की आकसते, आणि काठ असा आवळून बसतो की सुटायचं नाव नाही.

केरबाची बायको मागेच गेलेली. घरात एकच लेक, हौसा, दुधाचे दात पडायच्या वयाची. एकदा ती बांबू भरलेल्या गाडीवर चढली, बांबू घरंगळले आणि पोर उजव्या हातावर आदळली. कोपराखाली हात पार वाकडा झाला. हाडवैद्य नदीपलीकडच्या गावात, आणि नदी दुथडी फुगलेली. केरबानं जन्मभर वाकडे बांबू सरळ केले होते. त्यानं दात आवळून हात ओढला, हाड जागेवर बसवलं, भोवती तासून गुळगुळीत केलेल्या कामट्या लावल्या आणि वरून बांधली तीच ओली वादी.

तिथंच घात झाला.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. हौसा कळवळायला लागली, "आबा, सोडा ना. आग होतीय हाताची."

"हाड जुळतंय बाळा, म्हणून दुखतंय," म्हणत केरबानं तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

शेजारची बायजाआत्या डोकावली. "अरे मेल्या, नखं बघ पोरीची! जांभळं खाल्ल्यागत झालीत."

"आत्या, तुमच्या सुपाचा काठ कधी सुटला का?"

"सूप रडत नाही रे!"

केरबानं ते मनावर घेतलं नाही. कलत्या दुपारी पोरीचं रडं थांबलं. त्याला वाटलं, उतार पडला. त्यानं देवाला हात जोडले आणि दिवेलागणीला सहज तिची बोटं हातात घेतली. गार. चिमटा घेतला तर पोरीला कळेना. तेव्हा त्यानं कोयत्यानं वादी कापली. कापताना बापाचा आवाज असा फुटला की झाडावरची वटवाघळं उडाली, असं म्हणतात.

नदी ओसरल्यावर हाडवैद्य आला. म्हणाला, "हाड झकास बसलंय गड्या, मलाही जमलं नसतं. पण ही बोटं तळव्यात मिटलीत. ती काही माझ्याच्यानं उघडायची नाहीत."

केरबानं सुपांचं काम टाकलं. सटवाईच्या दगडापुढं बसून तो रोज लेकीच्या बोटांना कोमट तेल चोळायचा आणि म्हणायचा, "आई, ही माझी चूक हाय. मोल माझ्या हाताचं घे." देवी म्हणावं की दैव, पण ते ऐकलं गेलं. एका सकाळी हौसाचा अंगठा उघडला. पोर हरखली. केरबा हसायला गेला आणि बघतो तर त्याचा स्वतःचा उजवा अंगठा तळव्यात मिटलेला. पुढं तिचं एकेक बोट उघडत गेलं, आणि त्याचं एकेक मिटत गेलं. ना कोयता धरता येई, ना कामटी तासता येई. गाव हळहळायचं, केरबा मात्र चोळत राहायचा.

करंगळी तेवढी उरली, तेव्हा हौसानं हात पाठीमागं लपवला.

"आण इकडं," केरबा म्हणाला.

"नाही देत. वाकडी राहिली तर राहू दे. समदीच मिटल्यावर मला हाताला धरून जत्रेला कोण नेणार?"

केरबानं पुष्कळ समजावलं, दटावलं, शेवटी रडलाही. पोर हटली नाही. तिची करंगळी जन्मभर वाकडी राहिली. त्याची तेवढी सरळ राहिली, आणि तीच धरून ती जत्रेला गेली. पण त्या घरात पुन्हा कधी सूप विणलं गेलं नाही, आणि केरबाला पुन्हा कुणी मोठ्यानं हसताना पाहिलं नाही.

पुढं कुठल्याही गावात पोराचं हाड मोडल्याचं कळलं की केरबा चालत निघायचा. पाणीसुद्धा न पिता तो बांधलेल्या पट्टीखाली आपली करंगळी घालून बघायचा. शिरली तर माघारी. नाही शिरली तर डाव्या हातानं गाठ सैल करायचा. पुरात पाणी त्याला वाट द्यायचं, असं म्हणतात. तो मेला कधी, कुणी पाहिलं नाही. बांबूच्या बनाकडं गेला, तो गेलाच. पण अजूनही कण्हणारं पोर मधेच शांत झोपी जातं आणि सकाळी गाठ आपसूक सैल झालेली दिसते.

सावरदऱ्यात आजही हाड बांधताना आई नाहीतर बाप पट्टीखाली आपली करंगळी ठेवतो. तिच्यावरून गाठ बसते, मग करंगळी ओढून घेतात. मागं उरते त्या फटीला म्हणतात केरबाची जागा. आता तालुक्याहून पोरं प्लास्टर घालून येतात. तरी जीप बुरूडआळीच्या तोंडाशी थांबते, आई पोराची नखं उन्हाला धरून बघते, प्लास्टरच्या कडेला करंगळी लावते. शिरली तर घरी. नाही शिरली, तर जीप तिथूनच तालुक्याला माघारी वळते. घरात चूल पेटलेली असली, तरी कुणी जेवायला थांबत नाही.