गुडघाभर पाण्याचा हुकूम

एका नगरात एक तळे होते आणि त्या तळ्यावर पहारा करणारा एक शिपाई होता. मागच्या साली बुडणारी शेळी काढताना दुसऱ्या एका शिपायाचा पाय मुरगळला होता. शेळी वाचली, पायही बरा झाला. कोतवालसाहेबांची काळजी मात्र बरी होईना. त्यांनी हुकूम काढला. शिपायाने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. कोणी बुडत असल्यास कर्णा फुंकून पाणबुड्यांना बोलवावे आणि ते येईपर्यंत बुडणाऱ्यास काठावरून धीर द्यावा.

पाणबुडे नगराच्या दुसऱ्या टोकाला राहत.

एके सकाळी एक कुंभारीण काठाची माती खणत होती. काठ ढासळला आणि ती मातीसकट पाण्यात गेली. शिपायासोबत पहाऱ्यावर असलेल्या हवालदाराने कर्णा फुंकला. मग हुकुमाप्रमाणे धीरही दिला. "घाबरू नका बाई, पाणबुडे निघालेत!"

"निघालेत की पोचलेत?" बाई ओरडली आणि दिसेनाशी झाली.

शिपाई धावला. हवालदाराने त्याचा दंड धरला. "अरे, नोकरी जाईल!"

"तिचा जीव जाईल, हवालदारसाहेब."

"मग निदान कमरेचा पट्टा तरी काढ. कुणी वाटसरू उतरला, असं लिहीन मी."

"पट्टा बांधलाय तो याचसाठी," असे म्हणून शिपायाने उडी मारली. पहिल्या बुडीत हाती नुसता चिखल आला. दुसऱ्या बुडीत वेणी लागली. पाणबुडे आले तेव्हा बाई काठावर बसून पाणी ओकत होती आणि मधल्या वेळात हवालदाराला शिव्या देत होती.

दुपारी कोतवालांनी शिपायाला बोलावले. "माफीनामा लिही. चूक झाली, पुन्हा करणार नाही. बस."

"साहेब, त्यातलं अर्धं खोटं आहे."

"कोणतं अर्धं?"

"दोन्ही."

कोतवाल लाल झाले. "मेला असतास म्हणजे?"

"मला पोहता येतं, साहेब. बाकीच्यांना येत नाही. हुकूम लिहिण्याआधी ते विचारायचं राहून गेलं का?"

हुकूम लिहायला अर्धी घटका लागली होती. पोहायला शिकवायला महिना गेला असता. कोतवालांनी त्याचा पट्टा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो बिनपट्ट्याचाच तळ्यावर आला आणि छातीभर पाण्यात उभा राहिला. आठवड्याभरात पहाऱ्याआधी सहा शिपाई त्याच्याकडे पोहायला शिकू लागले. सातवा हवालदार.

कोतवाल तणतणत आले. "बाहेर या सगळे!"

"ओरडू नका, साहेब," हनुवटीपर्यंत बुडालेला हवालदार म्हणाला, "आत्ता कुठे हात मारायला जमतंय."

सगळ्यांनाच काढले तर पहारा कोण करणार? कोतवाल परत गेले. शिपायाला पट्टा काही मिळाला नाही. हुकुमाची पाटी अजून तळ्याकाठी उभी आहे. शिपाई तिच्यावर ओले कपडे वाळत घालतात.

तात्पर्य: रक्षकाच्या जिवाची काळजी जरूर करावी, पण त्यासाठी त्याला पोहायला शिकवावे, काठावर उभे राहायला नव्हे.