विंच आणि खुंटा

झाड आडवं पाडण्याऐवजी फांदी फांदी करून दोराने उतरवायची रीत नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. शाळेच्या कौलांवर एक वाळका फणस कलला होता. त्याच्या बुंध्याला दोघे बांधले होते, दोर ओढून धरणारा दातेरी चाकाचा विंच आणि एक गुळगुळीत लोखंडी खुंटा.

“मी धरलेला दोर तसूभरही सुटत नाही,” विंच म्हणाला. “तू मात्र अंगाभोवती गुंडाळून घेतोस आणि सोडून देतोस. त्यात कसला आलाय जोर?”



भिवा मिस्त्रीने पहिल्या फांदीचा दोर विंचला दिला. वर झाडावर चढलेल्या जगनूने फांदी तोडली. ती हातभर खाली आली आणि विंचने दात आवळले. असा हिसका बसला की अख्खा फणस हादरला आणि जगनू कमरेच्या पट्ट्याला लोंबकळला.

“मिस्त्री, मेलो असतो की!” तो ओरडला.

ती फांदी कशीबशी खाली घेतली. दुसरीचा दोर मिस्त्रीने खुंट्याला तीन वेढे देऊन हातातून हळूहळू सोडला. झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तशी फांदी अंगणात टेकली. एकही कौल फुटलं नाही.

जगनू खाली उतरला, सहज खुंट्याला टेकला आणि चटकन हात मागे घेतला. “बाप रे, दोर घासून केवढा तापलाय हा!”

विंचने खुंट्याकडे पाहिलं.

“नुसतं धरून ठेवताना मीही गारच असतो, दादा,” खुंटा म्हणाला. “सोडताना भाजतं.”