हिरव्या फडक्यातली बखर

एका राज्यात रिपुंजय नावाचा राजा होता, आणि त्याच्या कानात एक हाक होती. काही वर्षांपूर्वी तो रणातून घोडा वळवून पळाला, तेव्हा वेढ्यात सापडलेल्या धाकट्या भावाने मागून मारलेली. "दादा!" एवढीच. जेवताना ती हाक येई, आणि घास हातातच राही. भावजयीला मात्र त्याने सांगितले होते, "आधी तो पडला, मग मी फिरलो."

त्या राज्यात एका जादूगाराने बांधलेली ग्रंथशाळा होती. एका भिंतीच्या कोनाड्यांत कथा: उडते घोडे, बोलक्या बाहुल्या, समुद्राच्या पोटातली नगरे. समोरच्या भिंतीत बखरी: स्वाऱ्या, दुष्काळ, कोणती विहीर कुणी खणली ते. कथा हिरव्या फडक्यात बांधायची, बखर तांबड्या. तांबड्यातले घडलेले, हिरव्यातले न घडलेले. कोनाडा रिता ठेवायचा नाही. ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडायची. असा रिवाज होता.

एके दिवशी त्या लढाईची बखर शाळेत आली. कुणी वाचण्याआधी राजाने ती हिरव्या फडक्यात बांधून कथांमध्ये सारली. बखरींचा कोनाडा रिता राहिला, म्हणून हाताला लागली ती कथा तांबड्यात बांधून तिथे ठेवली. ती एका राक्षसाची होती.

कानातली हाक थांबली. राजा पोटभर जेवला.

सकाळी भावाची लेक कनकलेखा अंगणात खेळत होती. ऊन लख्ख होते, पण तिची सावली पडत नव्हती. दुपारी ती आरशात दिसेना. मग तिची आई मृणालवती पाट मांडता मांडता थबकली.

"दादासाहेब, हा दुसरा पाट कुणासाठी हो मांडला मी?"

पोर समोरच उभी होती. "काका, आई असं काय करते? मी दिसत नाही का तिला?"

राजाला उमगले. बाप घडलाच नाही, तर लेक कुठून घडणार?

तो ग्रंथशाळेकडे धावला. उंबऱ्यावर राक्षस बसला होता. शिपाई आत धाडले, ते परतले नाहीत. खिडकीत एक साळुंकी होती. ती म्हणाली, "गाठी कुणाच्या?"

"माझ्या."

"मग त्यांना कशाला धाडलेस? त्याचे पोट भरले, तुझे काम तसेच राहिले."

"मी काय करू?"

"शस्त्र टाकून आत जा. राक्षसाची गाठ सोड, मागे पाहू नकोस. मग बखरीची गाठ सोड आणि ती भर दरबारात आपल्या तोंडाने वाच."

"पहिली दोन करतो. तिसरे प्रधानाने केले तर?"

"पळायची सवय जात नाही वाटते?" साळुंकी म्हणाली. "कर. उद्या त्या पोरीचे नाव तुलाही आठवणार नाही."

राजाने तलवार टाकली. राक्षसाच्या पायांमधून वाकून तो आत गेला. तांबडी गाठ घामाने निसटत होती. मागून जमीन हादरत आली. मानेवर ऊन श्वास आला, कुजक्या मांसाचा. एक नख पाठीवरून हळूच खाली सरकले. राजाला उभ्या जन्मात पळावेसे वाटले नव्हते इतके आता वाटले. तो हलला नाही. त्याने दातांनी गाठ सोडली, कथा हिरव्यात बांधली, आणि पाठीवरचे नख नाहीसे झाले.

मग बखरीची हिरवी गाठ सोडून ती घेऊन तो दरबारात आला. कनकलेखा खांबाशी उभी होती. तिच्या अंगातून खांबावरची नक्षी दिसत होती. मृणालवती तिच्या शेजारून निघून जाऊन बसली.

राजा वाचू लागला. स्वारी वाचली, वेढा वाचला. मग पुढच्या ओळीवर तो अडला. पोरीचे पाय आता दिसेनासे झाले होते. त्याने ती ओळ मोठ्याने वाचली.

"धाकटे राजे उभे होते, लढत होते. त्यांनी हाक मारिली. महाराजांनी ऐकिली, आणि घोडा फिरविला."

राजाने बखर तांबड्या फडक्यात बांधली, गाठ मारली. तशी फरशीवर एक चिमुकली सावली पडली. गिळलेले शिपाई ग्रंथशाळेच्या पायऱ्यांवर डोळे चोळत उठले. तांबडे तांबड्यात गेले, हिरवे हिरव्यात.

"आई!" कनकलेखा ओरडली.

मृणालवतीने धावत जाऊन लेकीला छातीशी धरले, तिचे हात, गाल, केस चाचपले. मग मान वर केली. राजा सिंहासनाच्या पायऱ्या उतरून आला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "काही तरी बोला."

तिने त्याच्याकडे पाहिले. नवऱ्याच्या मरणाची गोष्ट इतकी वर्षे ज्याच्या तोंडून ऐकली, ते तोंड पुरते न्याहाळले. पोरीने काकाकडे हात पुढे केला होता, तो तिने अलगद खाली घेतला. मग लेकीला कडेवर घेऊन ती दरबाराच्या दारातून बाहेर पडली.