म्होरक्याच्या हातचं सुकाणू

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे उदंड होते, पण नदीवर पूल एकही नव्हता. पलीकडे जायचं तर नावाड्यांच्या म्होरक्याचे पाय धरायचे. सगळे त्याला आबा म्हणत. म्हातारा पट्टीचा नावाडी, यात वाद नाही. नदीच्या मधोमध काळा कातळ होता आणि कातळाच्या पायथ्याशी भोवरा. चाळीस वर्षांत आबाने तिथे एकही नाव बुडू दिली नव्हती.

पण स्वभाव! अरे देवा, स्वभाव म्हणजे नुसता विस्तव.

हैबती नावाचा गडी वीस वर्षं त्याच्या हाताखाली वल्हं मारत होता. अंगाने दणकट, शिकायची हौस दांडगी. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, भोवरा मंदावला की तो म्हणायचा, “आबा, आज सुकाणू मला द्या की. चुकलो तर तुम्ही आहातच.”

आबा द्यायचा. नाव जराशी डगमगली की लगेच हिसकावून घ्यायचा. “हो बाजूला! वीस वर्षं नुसत्या भाकऱ्या मोडल्यास!” नावेतली माणसं फिदीफिदी हसायची. हैबती मान खाली घालून परत वल्ह्यावर बसायचा.

चुकलं कुठे, ते आबाने कधी सांगितलं नाही. सांगायचं कशाला? आपला हात जगन्नाथ! पुढे पुढे हैबतीने मागायचंच सोडलं.

मग एका भाद्रपदात, नदी फुगलेली असताना, आबा घाटावर घसरला. मांडीचं हाड मोडलं. काठावरच्या झोपडीच्या दारात तो बाजेवर पडून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी पैलतीरावरून एक जण कमरेला भोपळे बांधून पोहत आला. धापा टाकत म्हणाला, “आबा, तुमची लेक अडलीय. मूल आडवं आलंय. सुईणीला धाडा, नाहीतर काही खरं नाही.”

एकुलती एक लेक ती. आबाने हात जोडले. “हैबती, बाबा, तूच ने रे!”

हैबती सुईणीला घेऊन निघाला. कातळ जवळ आला. आता नाव डावीकडे घ्यायची, पण नेमकी कधी? हैबतीने मान मागे वळवली आणि काठावरच्या आबाकडे पाहिलं.

“अरे, वळव! वळव!” आबा बाजेवरून किंचाळला. त्या पाण्याच्या आवाजात ऐकू काय येणार, कपाळ! नाव कातळावर आपटून फुटली.

हैबतीने सुईणीला कसंबसं ओढत अलीकडच्या काठाला आणलं. ती दोघं वाचली. पलीकडे मात्र दिवस मावळायच्या आत आबाची लेक गेली, आणि पोटातलं मूलही गेलं.

बातमी आली तसा आबा कपाळ बडवत हैबतीवर ओरडला, “मुडद्या, समोरचं पाणी सोडून मागे काय बघत होतास?”

हैबती रडत होता. म्हणाला, “तुम्ही शिवी कधी घालता ते बघत होतो, आबा. तुमच्यापाशी वीस वर्षांत दुसरं शिकलोय काय मी?”

त्यानंतर हैबतीने वल्हं हातात धरलं नाही, आणि मांडी बरी झाल्यावरही आबा घाटाकडे फिरकला नाही.

ज्यांच्या हाताखाली चार माणसं राबतात, त्यांनी कान देऊन ऐकावं. शांत पाण्यात ज्याने आपल्या माणसाला चुकू दिलं नाही, त्याने पुरात त्याच्याकडून आशा धरू नये.