बयजाच्या कुंपणाची धायटी

फार वर्षं झाली. धारवठे गावच्या देवळाला अजून कळस चढला नव्हता, त्या वेळची ही गोष्ट. गावात बयजा नावाची एक सून होती आणि तिच्यासारखी गोफण अख्ख्या पंचक्रोशीत कुणाला फिरवता येत नव्हती. ज्वारी हुरड्याला आली की बयजा शेतातल्या माळ्यावर चढायची. तिची गोफण एकदा गरगरली की चार शेतांपलीकडची पाखरं उठायची. तिनं भिरकावलेला एक दगड अजून खाली आलेला नाही, असं म्हणतात.

बयजाच्या सासूचं नाव म्हाळसा. म्हातारी दोन्ही डोळ्यांनी आंधळी, पण जीभ शाबूत. पाखरांच्या आवाजावर तिचा दिवस चालायचा. बुलबुल बोलला की उजाडलं, साळुंक्या भांडायला लागल्या की दिवस कलला. मधल्या वेळात ती सुनेला नावं ठेवायची. कालवणात मीठ कमी, सारवण ओबडधोबड, भाकरी जाड. आईविना वाढलेल्या बयजाला याच म्हातारीनं सगळं शिकवलं होतं, म्हणून बयजा ते कौतुकासारखं ऐकून घ्यायची.

एका वर्षी बयजाची गोफण इतकी चालली की गावातली सगळीच पाखरं उठली आणि परतली नाहीत. कणग्या भरल्या. गाव खूश झालं. पण म्हाळसा घडीघडी विचारू लागली, "पोरी, उजाडलं का गं?"

"दिवस माथ्यावर आलाय, आत्याबाय."

हळूहळू तिनं विचारणंही सोडलं. भिंतीकडं तोंड करून ती दिवसच्या दिवस बसू लागली. एकदा बयजानं मुद्दाम कालवणात मीठच घातलं नाही. म्हातारीनं दोन घास मुकाट्यानं गिळले आणि ताट सारलं. पाखरं उठवणाऱ्या आपल्याच हातानं ही चालली, हे तेव्हा बयजाला कळून चुकलं.

तिनं अंगणात ज्वारी उधळली. पाखरं शिवेपलीकडून, लांबूनच बघायची आणि तिचा हात हलला की पळायची. मग ती डोंगरावर गेली. तिथं धायटीची झुडपं लालभडक फुलली होती आणि गावची सगळी पाखरं त्या फुलांत चोची खुपसून मध पीत होती. बयजानं एक झुडूप फुलांसकट उपटून आणलं आणि अंगणात लावलं. तिसऱ्या दिवशी त्याचं सरपण झालं.

मेंढरं घेऊन चाललेला बिरू धनगर ते बघून थांबला. "बाये, बाळंतिणीला कुणी घर बदलाय लावतं व्हय? फुलं सुकू दे. बी पिकलं की ने आन् पावसाच्या तोंडाला टाक."

बयजानं वैशाखात बी आणलं. बी कसलं, धूळच ती. तिनं ते राखेत कालवून कुंपणाच्या कडेनं पेरलं. आणि पाखरांनी भिऊ नये म्हणून आपला उजवा हात पदरानं कमरेशी बांधून टाकला. धुणं, दळण, वेणीफणी, सगळं डाव्या हातानं. गाव पोट धरून हसलं. बयजानं हात सोडला नाही.

धायटी फुलायला तीन वर्षं लागतात. बयजाची धायटी पहिल्याच माघात फुलली, असं म्हणतात. त्या सकाळी ती डाव्या हातानं भाकरी थापत होती. बाहेर एक इवलासा शिंजीर बोलला. मागोमाग बुलबुल आले, शिंपी पक्षी आले, साळुंक्या तर भांडतच आल्या. इतकी पाखरं उतरली की अंगणात उन्हाला पाय ठेवायला जागा उरली नाही, असं म्हणतात.

म्हाळसा उठली. काठी न घेता, उंबरा न चाचपता ती सरळ धायटीपाशी जाऊन उभी राहिली आणि एकेका पाखराला आवाजावरून ओळखून हाका मारू लागली. बयजा दारात बघत राहिली. मग म्हातारीनं नाक वर केलं.

"बयजे, भाकरी करपली. एवढं शिकिवलं, पर ध्यान म्हणून न्हाई तुझं."

बयजा तिथंच दारात आनंदानं रडली.

तेव्हापासून धारवठ्यात कुंपणाला काटे आणत नाहीत, धायटी पेरतात. ज्वारीचं काय, असं पाहुण्यांनी विचारलं तर गावकरी सांगतात, टोपलीभर जाते, जाईना का. माघात पहिलं फूल दिसलं की घरोघरची सून आपल्या सासूला धायटीपाशी पाटावर बसवते आणि भाकरी वाढते. त्या भाकरीला सासूनं नावं ठेवायची, अशी रीत आहे. एखादीनं ठेवली नाहीत तर घरात काळजी पसरते, वैद्याला बोलावणं जातं. पण असं सहसा होत नाही. सासवा मनापासून नावं ठेवतात. फुलांवर पाखरांचा गलका मात्र एवढा असतो की त्या काय म्हणाल्या ते कुणालाच ऐकू येत नाही. सुना नुसत्या मान हलवतात आणि आणखी एक भाकरी वाढतात.