तियोरचं भातशेत

सुमात्रा बेटावर मोठ्या तळ्याकाठी बाताक लोकांचं एक लहानसं गाव होतं. म्हातारी तियोर लेकीच्या बाळंतपणाला दूरगावी गेली, ती दोन सुग्या उलटल्यावर नावेतनं परतली. गावाभोवतीचं बांबूचं कुंपण दिसताच तिचा ऊर भरून आला. पण तिच्या एकुलत्या भातशेतात गावच्या कंजूष मुखियाचा नांगर चालला होता.

"गाव सोडलं त्याचं शेत सुटलं, म्हातारे!" मुखिया म्हणाला.

"मी सोडलं, पण आमच्या ह्यांनी कुठं सोडलंय?" तियोरनं बांधावरच्या नवऱ्याच्या थडग्याकडे बोट केलं. "आधी त्यांना हलवा. हाडं हलवील त्यानं रेडे कापून साऱ्या गावाला जेवू घालायचं, ही आपली रीत."

"मुखिया, जेवायला कधी येऊ?" बघ्यांतनं कुणी ओरडलं.

मुखियानं नांगर शेताबाहेर काढला. त्या काळी रीतीपुढं मुखियाही वाकायचा.